सीटखालचा खटका

आमच्या लॉनच्या मागं, जनरेटरच्या शेडमध्ये, निळ्या ताडपत्रीखाली एक गवत कापायची मशीन उभी आहे. बसून चालवायची. लग्नाची तारीख बघायला येणारी माणसं तिच्याकडं बघून विचारतात, ही चालू आहे का? मी सांगते, एकदम चालू आहे, घेऊन जा, फुकट न्या. त्यांना वाटतं बाई गंमत करते. मी गंमत करत नाही. आबा गेल्यापासून ती मला डोळ्यांसमोर नको आहे, आणि भंगारवाल्याला फोन लावायला गेलं की हात उचलत नाही. दोन्ही खरं आहे, त्याला मी काय करू.

लॉन म्हणजे आमच्याकडं लग्नाचं मैदान. फुलंब्री रोडला अशी ओळीनं आहेत. रस्त्याला कमान, आत स्टेज, मागं स्वयंपाकाची शेड, नवरीकडच्यांना खोल्या आणि मधे हिरवळ. आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, आयुष्यभर एसटी चालवली आणि रिटायर झाल्यावर आमच्या जमिनीच्या तुकड्यावर हे उभं केलं. मी नवऱ्याचं घर सोडून आले ती इथंच. आई खोल्यांचं बघायची, मी बुकिंगचं, आणि आबा हिरवळीचं.

हिरवळ म्हणजे डोक्याला ताप. पावसाळ्यात गवत नुसतं वाढतं आणि लग्नसराईत तुडवून तुडवून मरतं. खांद्याला मशीन अडकवून गवत कापणारे दोघं यायचे, पण ते आपल्या मर्जीचे मालक. बोलावलं तेव्हा यायचे नाहीत, आले की निम्मं कापून जेवायला जायचे. एक हॉटेल बंद पडलं, त्याच्या आवारात ही बसून चालवायची मशीन गंजत पडली होती. आबा ती बघून आले आणि दुसऱ्या दिवशी टेम्पोत घालून घेऊनच आले. आई दारात उभी राहून बघत होती. म्हणाली, माणसानं गवतसुद्धा बसून कापायचं म्हणजे आता झोपून काय काय करणार आहात ते पण सांगा. आबा खूश होते, त्यांनी ऐकून घेतलं.

ती मशीन उभी करायला अख्खा उन्हाळा गेला. छावणीत एक मिस्त्री होता, आमचा जनरेटर तोच बघायचा. जाडजूड, दाढीला मेंदी, सारखा पान खाणारा. परदेशी बनावटीची मशीन, एक पार्ट इथं मिळेल तर शपथ. मग काय, जे सापडेल ते लावायचं. पट्टा पिठाच्या गिरणीचा, औरंगपुऱ्यातल्या दुकानात जुना पट्टा टेबलावर ठेवून मापानं जुळवून आणलेला. बॅटरी मारुती गाडीची. पाती लोहाराकडून ठोकून आणली. टाकीत गंज होता, तर आबांनी त्यात रॉकेल आणि बारीक खडे घालून ती मांडीवर घेतली आणि दिवसभर लहान मुलासारखी हलवत बसले. पहिल्यांदा ती सुरू झाली तेव्हा आबांनी नारळ फोडला, मशिनीला हळद-कुंकू लावलं आणि वर बसले. आबा दांडगे. एसटीत ते सीटवर बसले की त्यांचा दरवाजा बाहेरून कुणी तरी रेटल्याशिवाय लागायचा नाही, असं त्यांचे जुने कंडक्टर सांगायचे. मशीन त्यांच्याखाली एवढीशी दिसत होती. सीट कच्चकन खाली गेली आणि मिस्त्री हसायला लागला.

मग आबांचं एक ठरून गेलं. लग्न झालं की दुसऱ्या दिवशी सकाळी आधी झाडू. अक्षतांचे तांदूळ, प्लॅस्टिकचे पेले, फटाक्यांचे कागद. त्यानंतर लोहचुंबक. कुठल्याशा डीजेच्या फुटक्या स्पीकरचं मोठं चुंबक त्यांनी सुतळीला बांधलं होतं आणि ते हिरवळीवरून ओढत फिरायचे. केसांच्या पिना, मांडवाचे खिळे, तारेचे तुकडे, सगळं त्याला येऊन चिकटायचं. एकदा मांडववाल्याची मेख गवतात राहिली होती ती पात्यात सापडली, तिचा तुकडा उडून खोलीच्या काचेतून आत गेला. नशीब, आत कुणी नव्हतं. तेव्हापासून चुंबक फिरवल्याशिवाय मशीन बाहेर निघायची नाही. कापून झालं की मशीन उताराला लावून खालचा ओल्या गवताचा लगदा खरडायचा, पाती पुसायची, पेट्रोल जुन्या साडीच्या तुकड्यातून गाळून घालायचं. एसटीत जन्म काढलेला माणूस. आपल्याखाली गाडी कधी बंद पडली नाही, हे ते पाव्हण्यारावळ्यांना एवढ्या वेळा सांगायचे की आम्ही उठून जायचो.

पुढं त्यांना घास उतरेना. आधी आम्ही पित्तावर नेलं, मग शहरातल्या दवाखान्यात, आणि तिथं कळलं की अन्ननलिकेत आहे आणि उशीर झालाय. उपचार सुरू झाले. त्या उपचारांबद्दल मी इथं लिहिणार नाही, ज्यांनी बघितलेत त्यांना माहीत आहेत. भाकरी बंद झाली, मग भात, मग नुसती पेज. दवाखान्यात दर वेळी वजन करायचं असतं. आबा काट्याजवळ गेले की थांबायचे. काट्यावर पोतं चढवायचं असतं, मी नाही चढत, म्हणायचे. नर्सनं समजावलं, डॉक्टर रागावले, मी रागावले. नाही म्हणजे नाही.

पण मशीन त्यांनी सोडली नाही, आणि आम्ही सोडू दिली नाही. कारण उघड होतं. ज्या दिवशी ते गवत कापून यायचे त्या दिवशी हातपाय धुऊन स्वतः वाटी मागायचे आणि पेज घोट घोट करत संपवायचे. ज्या दिवशी मशीन निघायची नाही त्या दिवशी भिंतीकडं तोंड करून पडायचे आणि आई वाटी घेऊन ताटकळत बसायची. एवढंच होतं. आमच्या घरात त्या वर्षी ती मशीन चालणं म्हणजे आबांच्या पोटात काही तरी जाणं होतं. म्हणून गवत वाढलेलं नसलं तरी आम्ही वाढलं म्हणायचो.

अशात ती बंद पडायला लागली. ब्रेक दाबून चावी फिरवली की छान सुरू व्हायची. ब्रेक सोडला, थोडी पुढं गेली, वळण आलं किंवा खड्डा लागला की फट्दिशी बंद. पुन्हा चावी, पुन्हा सुरू, पुन्हा बंद. आबांचा चेहरा पडायचा. मिस्त्री आला. त्यानं प्लग बदलला, कार्बोरेटर खोलून धुतला, कॉइल बदलली. दुरुस्त झाली की स्वतः बसून अख्ख्या लॉनला चक्कर मारायचा, एकदम झक्कास. मग आबा बसायचे आणि ती स्टेजपर्यंत जायच्या आत बंद पडायची. मी बसून बघितली, चालली. आईला बसवलं, ती पदर खोचून बसली आणि किंचाळतच कमानीपर्यंत गेली, तरी चालली. आम्ही सगळे अंगानं भरलेले. हे तेव्हा कुणाच्या डोक्यात आलं नाही. आईनं दृष्ट लागली म्हणून लिंबू-मिरची बांधली. मी पेट्रोलपंप बदलला. वेड्यासारखे नको तिथं शोधत होतो.

शेवटी मिस्त्रीनं मला बाजूला घेऊन हळूच सांगितलं की मशिनीत काही नाही, आबांचा पाय कमजोर झालाय, ब्रेकवर राहत असेल. आबांनी ते ऐकलं. एवढ्या वर्षांत त्यांना कुणी त्यांच्या पायाबद्दल बोललं नव्हतं. त्यांनी मिस्त्रीला जे सुनावलं ते लिहिण्यासारखं नाही. तो बिचारा पानसुद्धा न थुंकता खाली मान घालून ऐकत राहिला आणि आबा तिथून पुढं त्याच्याशी बोलले नाहीत.

कळलं ते मलाच, आणि अगदी साध्या गोष्टीवरून. दसऱ्याच्या आसपास मांडवाच्या खांबांचे खड्डे बुजवायचे होते. आबांनी लाल मातीचं भरलेलं घमेलं मांडीवर घेतलं आणि मशिनीवर बसून निघाले. त्या दिवशी ती बंद पडली नाही. खड्ड्यांवरून गेली, वळली, तरी चालूच. घमेलं रिकामं झालं, त्यांनी ते खाली ठेवलं, आणि दहा हातावर मशीन बंद. मी ओट्यावरून बघत होते. आबा आत गेल्यावर मी मिस्त्रीला फोन केला आणि विचारलं, सीटच्या खाली काय असतं?

तो आला, सीट उचलली. खाली स्प्रिंगवर बसवलेला बोटाएवढा खटका होता. त्यानं कपाळावर हात मारून घेतला. म्हणाला, "आदमी गिरा तो पाती रुकना, इसके वास्ते रहता ताई ये. ब्रेक छोडा और वजन कम आया तो मशीन को लगता, सीट पे कोई बैठाच नहीं."

मला त्या मशिनीचा असा संताप आला की वाटलं आत्ता हातोडा घ्यावा आणि तिचा चुरा करावा. माझा बाप वर बसलाय. त्याचे हात चाकावर आहेत. आणि ही लोखंडाची भवानी म्हणते कुणी नाही. काट्यावर ते चढले नाहीत, डॉक्टरला हरवलं, तर हिनं घरात बसून तोललं त्यांना.

मिस्त्री म्हणाला, डायरेक्ट करून टाकतो. आपल्याकडं सगळ्यावर हा एकच इलाज असतो. बोअरचं स्टार्टर बिघडलं, डायरेक्ट. मांडवातलं लायटिंग बिघडलं, डायरेक्ट. खटक्याच्या दोन वायरी एकत्र पिळायच्या की मशिनीला कायमचं वाटणार कुणी तरी बसलंय. मी नको म्हटलं. पात्यात सापडलेली मेख मी बघितली होती आणि आबांना अधूनमधून चक्कर येत होती. मग त्यानं दुसरं काढलं. सीटच्या स्प्रिंगचा एक वेढा कापला. सीट थोडी खाली आली, कमी वजनातसुद्धा खटका दबायला लागला. आबांना आम्ही सांगितलं की टाकीत कचरा होता. ते म्हणाले, मी काय म्हणत होतो, पाय कमजोर म्हणे. त्या दिवशी त्यांनी पेज मागून घेतली, वर थोडं ताक घेतलं. आई स्वयंपाकघरात जाऊन रडली.

काही आठवडे गेले आणि मशीन परत बंद पडायला लागली. परत मिस्त्री आला, परत एक वेढा कापला. आबा खोलीत असताना यायचा, चोरासारखा काम करायचा आणि चहा न घेता जायचा. मला तो कापलेला स्प्रिंगचा तुकडा हातात द्यायचा, का ते त्यालाच माहीत. मी फेकून द्यायचे. असं कुठवर चालणार हे दोघांनाही कळत होतं. आबा हलके होत होते आणि आम्ही स्प्रिंग कापत मागं मागं पळत होतो.

मग एका सकाळी कमानीजवळ वळताना आबांची मान खाली गेली. मी धावत पोचेपर्यंत ते सीटवरून अर्धे घसरले होते, एक पाय जमिनीवर, हात पात्याच्या डबड्याच्या बाजूला लोंबत होता. मशीन बंद होती. खटक्यानं बंद केली होती. आईनं तोंडावर पाणी मारलं तसे ते शुद्धीवर आले आणि पहिलं काय बोलले तर, परत बंद पडली का ही. मी व्हय म्हटलं. ज्या खटक्याला मी इतके आठवडे शिव्या घातल्या त्यानं माझ्या बापाचा हात वाचवला होता, आणि मी त्याचे आभार मानायचे की त्याला ठेचायचं, हे मला आजपर्यंत कळलेलं नाही.

त्यानंतर कापायला वेढा उरला नाही. मिस्त्रीनं परत डायरेक्टचा विषय काढला. आई म्हणाली, कर डायरेक्ट, जे व्हायचं ते होऊ दे, निदान दोन घोट पोटात जातील. मी आईवर ओरडले. ती माझ्यावर ओरडली. ती चुकीची होती असं मला वाटत नाही. मी तिचं ऐकलं नाही, एवढंच.

मी आबांना सांगितलं की मशिनीचं इंजिन गेलं, पार्ट आता कुठंच मिळत नाही. त्यांनी ताडपत्रीकडं बघितलं. मग म्हणाले, चांगली चालली बिचारी, तिचं बी वय झालं व्हतं. आणि त्या दिवशी त्यांनी पेज घेतली. मला वाटलं नव्हतं. गाडी गेली, पण त्यांच्या चुकीनं गेली नाही, जुन्यापुराण्या इंजिनानंच मान टाकली, यात त्यांना कसलं तरी समाधान मिळालं असावं. भेटायला येणाऱ्यांना ते तेच सांगायचे. मशिनीचं इंजिन गेलं, नाय तर मी थांबणारा नव्हतो. आलेली माणसं हसायची, आबा हसायचे, आणि आई वाटी घेऊन आत यायची. त्या एका खोट्यावर आम्ही बरेच दिवस काढले. मला ते शेवटपर्यंत टिकवायचं होतं, दुसरं काही मागणं नव्हतं.

मग थंडीत एक लग्न आलं. दुसऱ्या दिवशी हळद, गवत घोट्याच्या वर, आणि कापणाऱ्या दोघांचे फोन बंद. आई आबांना सलाईन लावायला शहरात घेऊन गेली होती, संध्याकाळपर्यंत येणार नव्हती. मी ताडपत्री ओढली. पेट्रोल घातलं, चुंबक फिरवलं आणि वर बसले. एवढे दिवस उभी असूनही मेली पहिल्या चावीला लागली. माझ्याखाली ती अशी चालली की काय सांगू. खड्डा नाही, वळण नाही, कशालाच थांबली नाही. निम्मं लॉन झालं. कापल्या गवताचा वास सुटला होता आणि मला, खरं सांगते, जरा बरंसुद्धा वाटत होतं.

स्टेजपाशी वळले तर कमानीत रिक्षा उभी. आबांची शीर सापडेना, दोन्ही हात टोचून टोचून नर्सनं हात टेकले, उद्या या म्हणून परत पाठवलं होतं. आई त्यांना धरून होती. आबांनी तिचा हात सोडवला आणि हिरवळीवरून माझ्याकडं चालत यायला लागले. मी मशीन बंद करायला पाहिजे होती. माझा हात चावीपर्यंत गेलाच नाही.

"कवा सुरू झाली?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, सहज लावून बघितली तर लागली. मिस्त्री आला होता का, म्हणाले. मी नाही म्हटलं. त्यांनी मला उतरायला सांगितलं. मी त्यांना म्हटलं आबा राहू द्या, पायाखाली ओलं आहे, आत चला. त्यांनी नुसतं बघितलं. मी उतरले. त्यांना वर चढायला मीच हात दिला, आणि तो हात धरल्यावर कळलं की आता यांना उचलायला मलासुद्धा काही जोर लागत नाही. त्यांनी ब्रेक दाबला, चावी फिरवली. सुरू झाली. ब्रेक सोडला. बंद. त्यांनी पुन्हा केलं. पुन्हा तेच.

ते खाली उतरले. वाकून सीटवर पंजा ठेवला आणि अंगातला सगळा जोर लावून दाबलं. आत टक् झालं. सोडलं, परत दाबलं. परत टक्. ड्रायव्हर माणूस, त्यांना काही सांगावं लागलं नाही. ते माझ्याकडं न बघताच बोलले.

"मिस्त्रीला लई बोललो मी. त्याला फोन करून सांग, आबा चुकले म्हणाव."

मला रडूसुद्धा आलं नाही. त्यांच्यासाठी खोलीतली खुर्ची आणली, ते तिथंच हिरवळीच्या कडेला बसले, शाल घेऊन. म्हणाले, निम्मं तसंच ऱ्हायलंय, उद्या पाव्हणे यायचे, कापून घे. मी नको म्हटलं, उद्या माणसं लावते म्हटलं. ते नुसते हातानं मशीन दाखवत राहिले. मी बसले आणि सुरू केली.

ती काही बंद पडेना. मी मनातल्या मनात हात जोडले तिला. बाई, एकदा तरी थांब, त्यांच्यासमोर एकदा बंद पड, इतक्या वेळा त्यांच्याखाली बंद पडलीस. दोन चकरा झाल्या. तिसऱ्या चकरेला, त्यांच्या खुर्चीसमोर आल्यावर, मी चाकाला धरून हळूच सीटवरून वर उठले. मशीन बंद पडली. मी तोंड वेडंवाकडं करून म्हटलं, बघा आबा, हिचंच काही तरी बिघडलंय, माझ्याखाली पण थांबते.

आबांनी माझ्याकडं बघितलं. रागावले नाहीत.

"नीट बस," ते म्हणाले.

मी नीट बसले. उरलेलं लॉन कापून होईपर्यंत मशीन एकदाही थांबली नाही. आई आत पेज गरम करून बसली होती. ती त्यांनी घेतली नाही, त्या दिवशी नाही आणि नंतरही नाही.